फॉलआउट: न्यू व्हेगस – बंदूक नंतर, आधी काडतूस बघा

बंदुका असलेला रोल-प्लेइंग गेम घ्यायचा असेल आणि काडतुसात नेमकं काय असतं याची थोडीफार उत्सुकता असेल, तर 'फॉलआउट: न्यू व्हेगस' घ्या. २०१०चा गेम, ऑब्सिडियनने बनवलेला आणि बेथेस्डाने बाजारात आणलेला. चेहरे लाकडी, हालचाली अवघडलेल्या, नेवाडाच्या वाळवंटाला एकच मातकट रंग. सगळं मान्य. तरी २०१५ला आलेल्या देखण्या 'फॉलआउट ४'पेक्षा मी पुन्हापुन्हा हाच लावतो, आणि त्याचं कारण फक्त दारूगोळा.

उदाहरणार्थ .३५७ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर घ्या. गेममध्ये त्यात .३८ स्पेशलही चालतं, मार थोडा कमी बसतो इतकंच. खऱ्या जगातही अगदी असंच आहे. नावातले आकडे वेगळे असले, तरी दोन्हींच्या गोळीचा व्यास सारखाच. मॅग्नमची पुंगळी (काडतुसाची पितळी नळी) मात्र तीनेक मिलिमीटर लांब, आणि ती मुद्दाम लांब केलेली. जास्त दाबाचं मॅग्नम कुणी जुन्या .३८च्या रिव्हॉल्व्हरमध्ये कोंबू नये, म्हणून. म्हणजे लहान मोठ्यात जातं, मोठं लहानात जात नाही. तसंच ५.५६च्या रायफलीत .२२३ चालतं, .४४ मॅग्नममध्ये .४४ स्पेशल चालतं. हे कुठे समजावून सांगितलेलं नाही. इन्व्हेंटरीत, म्हणजे सामानाच्या यादीत, काडतुसाचा प्रकार बदलायचा पर्याय दिसतो, बस. ज्याला कळतं तो हसतो, ज्याला कळत नाही त्याचं काही अडत नाही.

त्याच .३५७वर काउबॉय रिपीटर ही लिव्हरची रायफलही चालते. कमरेला आणि खांद्याला एकच काडतूस. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिमेला लोक खरंच असं करायचे. विंचेस्टरची १८७३ची रायफल आणि कोल्टचं रिव्हॉल्व्हर, दोन्ही .४४-४० या एकाच काडतुसात मिळायची. दुकान दोन दिवसांच्या वाटेवर असलं की माणूस एकाच जातीच्या गोळ्या बाळगतो. गेममध्येही सुरुवातीला खिशात पैसे नसतात तेव्हा हाच हिशेब आपोआप डोक्यात येतो.

खरी मजा रीलोडिंग बेंचची, म्हणजे काडतुसं भरायच्या टेबलाची. उडवलेल्या काही पुंगळ्या परत मिळतात. त्यात प्रायमर (दारू पेटवणारी टोपी), दारू आणि शिसं घालून आपलं काडतूस आपण भरायचं. पिस्तुलाची दारू वेगळी, रायफलीची वेगळी, प्रायमरही लहान-मोठे आणि पिस्तूल-रायफलचे निरनिराळे. माझे बाबा खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झालेत. गेम म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी. पण या स्क्रीनपाशी ते थांबले, चष्मा वर केला आणि दोन्ही दारूंची नावं मला मोठ्याने वाचायला लावली.

"पिस्तुलाची दारू भसकन जळते. ती रायफलीत तेवढीच भरलीस तर बंदूक तोंडावर फुटेल. यांना माहितीये हे."

मग त्यांनी पुंगळीचं विचारलं. एकच पुंगळी किती वेळा वापरता येते? मी म्हटलं, कितीही.

"पितळ थकतं रे. दर वेळी फुगतं, परत दाबून मापात आणावं लागतं. शेवटी मानेपाशी चीर जाते. इथे डाय कुठाय?"

डाय नाही. पुंगळी मापात आणायची पायरीच गेममध्ये नाही. बाबांनी त्यावर एक गुण कापला आणि चहा टाकायला गेले. मी कापत नाही. कारण तेवढं खरं करायला गेलं तर गेम उरणार नाही, नोकरी होईल.

गोळीच्या प्रकारांना इथे खरंच अर्थ आहे. शत्रूच्या चिलखताचा एक उंबरठा ठरलेला असतो, डीटी म्हणतात त्याला. हॉलो पॉइंट (टोकाला पोकळ, लागल्यावर फुलणारी गोळी) उघड्या अंगावर भयंकर, चिलखतावर जवळपास फुसकी. चिलखतभेदी गोळी बरोबर उलट. (लागल्यावर फुलणाऱ्या गोळ्यांचा इतिहास आपल्याकडूनही जातो. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यावरूनच 'दमदम गोळी' हे नाव पडलं, आणि १८९९च्या हेग परिषदेत अशा गोळ्या युद्धात वापरू नयेत असं ठरलं.) क्वारी जंक्शनच्या खाणीत डेथक्लॉ नावाचं धूड अंगावर येतं, तेव्हा हॉलो पॉइंट भरलेली असली तर फक्त आवाज होतो. तिथे प्रत्येक जण एकदा मरतो.

हार्डकोअर मोड सुरू करूनच खेळा. त्यात तहान, भूक, झोप आहेच, पण मुख्य म्हणजे काडतुसांना वजन येतं. .३०८च्या जातीची शंभर काडतुसं खरोखर अडीच किलोच्या आसपास भरतात, आणि बाकीच्या गेममध्ये माणूस तशी हजारो खिशात घालून उड्या मारतो. वजन आलं की पाच-सहा बंदुका बाळगायची हौस फिटते. दोनच उरतात, आणि त्या विचार करून निवडलेल्या असतात.

आता 'फॉलआउट ४'. बंदुकीचा एकेक भाग बदलायची सोय झकास, टेबलाशी तास निघून जातो. पण त्यातली असॉल्ट रायफल बघा: ५.५६ची गोळी, आणि नळीभोवती पहिल्या महायुद्धातल्या पाण्याने गार होणाऱ्या मशीनगनवर असायचं तसं जाडजूड आवरण. शिकारी रायफलीचा बोल्ट (काडतूस भरायला ओढायची दांडी) डावीकडे, आणि धरलीये उजव्या खांद्याला. खऱ्या जगात ती डावखुऱ्यांसाठी केलेली रायफल झाली. बोल्ट ओढणारा हात कॅमेऱ्यात छान दिसावा म्हणून केलं असावं, असा माझा तर्क. कॉम्बॅट रायफल मुळात .४५ या पिस्तुलाच्या काडतुसावर चालते, आणि एक रिसीव्हर (बंदुकीचा मधला सांगाडा) बदलला की तीच .३०८ची होते. नळी तीच राहिली तरी चालतं. नुसतं झाकण बदलून तीन लिटरचा कुकर पाच लिटरचा करावा, तसं हे. आणि हॉलो पॉइंट, चिलखतभेदी वगैरे भानगड सगळी गायब. एका जातीची एकच गोळी.

न्यू व्हेगसही धुतल्या तांदळाचा नाही. अर्धवट भरलेलं मॅगझिन काढून टाकलं तरी उरलेल्या गोळ्या जादूने खिशात येतात. पुंगळ्या वेचायला वाकावं लागत नाही. डोक्यात गोळी लागलेला गुंड शिव्या देत पळत येतो, कारण त्याची लेव्हल जास्त. बंदूक झिजते आणि अडकते हे बरोबर, पण इतक्या झपाट्याने झिजते की ती साबणाची केलीये की काय असं वाटावं.

घेताना अल्टिमेट एडिशनच घ्या, सगळे जोडभाग त्यात येतात. त्यातला 'ऑनेस्ट हार्ट्स' चुकवू नका. तो युटातल्या झायन खोऱ्यात घडतो, आणि तिथे जोशुआ ग्रॅहम हा मॉर्मन (अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती पंथाचा) .४५ ऑटो पिस्तूल घेऊन बसलेला असतो. हे पिस्तूल आपल्याच लोकांपैकी एकाने सुमारे चारशे वर्षांपूर्वी बनवलं, असं तो सांगतो. गेम २२८१ सालातला, पिस्तूल १९११चं, आणि ते बनवणारा जॉन ब्राउनिंग हा युटातल्या ऑग्डेनचा, खरोखरच मॉर्मन. पटकथा लिहिणाऱ्याने हे शोधून वापरलं, आणि गाजावाजा न करता सोडून दिलं.

आणखी एक. रिपेअर हे कौशल्य पहिल्यापासून वाढवत न्या. बेंचवरच्या चांगल्या कृती त्यावरच उघडतात, आणि मागाहून पश्चात्ताप झाला तर गुण परत मिळत नाहीत.