क्वेकचा रीमास्टर: रूप नवं, चाल १९९६ चीच

जुना गेम नव्यानं काढताना सगळ्यात आधी बिघडते ती चाल. चित्र स्वच्छ होतं, आवाज सुधारतो, पण पळायला लागलं की काहीतरी परकं वाटतं. क्वेक हा बंदुकीनं राक्षस मारत पळायचा गेम, त्याच्या रीमास्टरमध्ये, म्हणजे नव्यानं सजवलेल्या आवृत्तीत, असं झालेलं नाही, आणि तेवढ्यासाठीच तो घ्यावा. आयडी सॉफ्टवेअरचा मूळ गेम २२ जून १९९६ चा. नाइटडाइव्ह स्टुडिओजनं तो आपल्या केक्स इंजिनवर (इंजिन म्हणजे गेम चालवणारा सॉफ्टवेअरचा गाभा) चढवून १९ ऑगस्ट २०२१ ला परत आणला. ज्यांच्याकडे स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर जुना क्वेक होता त्यांना तो फुकट मिळाला. आता नव्यानं घेणाऱ्यांनी सेलची वाट बघावी, किंमत चांगलीच खाली येते.

सांगली-मिरजेत किंवा साताऱ्यात घरोघरी जे लॅपटॉप आहेत ते बहुतेक कॉलेजच्या कामासाठी घेतलेले, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेले. आजचे शूटर त्यांच्यावर रडत चालतात. हा चालतो, पण सेटिंग नीट लावायला हवं.

पहिलं म्हणजे मोशन ब्लर (हलताना चित्र पुसट करणं) आणि डेप्थ ऑफ फील्ड (दूरचं धूसर करणं) दोन्ही बंद करा. या गेममध्ये मान सतत गर्रकन वळवावी लागते आणि ब्लर चालू असला की कोपऱ्यातला ओगर, म्हणजे करवतवाला राक्षस, पुसट होतो. टेक्स्चर स्मूदिंगही बंदच बरं. भिंती-जमिनीवरची मूळ चित्रं छोट्या आकाराची आणि मोजक्या रंगांची आहेत. ती गुळगुळीत केली की दगडी भिंत ओल्या पुठ्ठ्यासारखी दिसते, आणि ठिपके तसेच ठेवले की भिंतीचा खरखरीतपणा टिकतो. साध्या लॅपटॉपवर अँबियंट ऑक्लूजनही (कोपऱ्यांतल्या जास्तीच्या सावल्या) काढून टाका. एवढ्यानंही अडखळत असेल तर रिझोल्यूशन एक पायरी खाली आणा. माऊसचं स्मूदिंग बंद आणि ‘ऑलवेज रन’ चालू हवं. फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे कडेचं किती दिसावं ते, ९५ ते १०० च्या मध्ये ठेवा. त्याहून वाढवलं तर कडेच्या गोष्टी ताणल्यासारख्या दिसतात आणि उडीचा अंदाज चुकतो.

एप्रिल-मेच्या उन्हात आणखी एक गोष्ट पाळा. गेम हलका असल्यामुळे लगाम नसेल तर मशीन शेकड्यानं फ्रेम काढत बसतं, पंखा ओरडायला लागतो, प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतो आणि अर्ध्या तासानं झटके सुरू होतात. व्ही-सिंक (फ्रेमचा वेग पडद्याच्या वेगाला बांधणारं सेटिंग) लावून टाका. माऊस किंचित जड वाटेल, पण ४० अंशांत तो सौदा परवडतो.

त्याच महिन्यांत दुपारनंतर वळीव आला की लाइट जाते. लेव्हलच्या सुरुवातीला गेम आपोआप सेव्ह होतो, पण मधे वीज गेली तर वीस मिनिटांची मेहनत वाया जाऊ शकते. एफ-६ दाबलं की झटपट सेव्ह, एफ-९ दाबलं की परत तिथूनच. डेस्कटॉपवर यूपीएस नसेल तर प्रत्येक नव्या दारापाशी एफ-६ दाबायची सवय लावा. फक्त हेल्थ १० वर असताना, समोर रॉकेट येत असताना दाबू नका, नाहीतर पुन्हा पुन्हा त्याच मरणात जाऊन पडाल.

आता चालीबद्दल, कारण खरी मजा तिथेच आहे. जमिनीवर पळण्याचा वेग ३२० युनिटवर अडतो, हवेत मात्र तो वाढवता येतो. पळत उडी मारा, हवेत पुढचं बटण सोडा, फक्त उजवीकडचं बटण धरा आणि माऊस सावकाश, एका लयीत उजवीकडे न्या. पाय टेकण्याच्या बेतात असताना पुन्हा उडी, आणि आता हेच डावीकडे. हवेत इंजिन फक्त तुम्ही दाबलेल्या दिशेनं किती वेग आहे ते मोजतं, एकूण वेग बघत नाही. म्हणून दर वळणाला थोडा वेग फुकट मिळतो. पाय जमिनीवर क्षणभर जास्त टेकले की घर्षण तो खाऊन टाकतं. बहुतेकांचं चुकतं ते दोन ठिकाणी: पुढचं बटण धरूनच ठेवतात, नाहीतर माऊस झटक्यानं फिरवतात. सराव करायचा तर गेम उघडल्यावर जे पहिलं दालन लागतं, जिथे अवघडपणा निवडायचा असतो, तिथे करा. तिथे एकही मॉन्स्टर नाही. रीमास्टरमध्ये हे सगळं जसंच्या तसं आहे. आपल्याला याचंच सगळ्यात जास्त कौतुक वाटायला हवं.

बंदुकांचे आकडेही जुनेच. साध्या शॉटगनचे ६ छर्रे, प्रत्येकी ४ नुकसान, म्हणजे पूर्ण बार लागला तर २४. ग्रंट या साध्या सैनिकाची हेल्थ ३०, त्यामुळे तो दोन बारांत पडतो. डबल बॅरलचे १४ छर्रे ५६ देतात. ओगरची हेल्थ २००, म्हणजे जवळून चार बार. झॉम्बीची हेल्थ ६० च आहे, पण एकाच फटक्यात तेवढं नुकसान झालं नाही तर तो पडतो आणि परत उठतो. त्याच्यावर छर्रे खर्च करू नका. पहिल्या एपिसोडच्या तिसऱ्या लेव्हलमध्ये, नेक्रोपोलिसमध्ये, ग्रेनेड लाँचर मिळतो तो याच कामासाठी. ग्रेनेड भिंतीवर आपटून परत येतो, म्हणून अरुंद बोळात टाकला की एक पाऊल मागे घ्या.

शॅम्ब्लर हा वीज फेकणारा मोठा राक्षस नवख्यांचा कर्दनकाळ. हेल्थ ६००, आणि स्फोटाचं नुकसान त्याला निम्मंच लागतं. रॉकेट मारत बसलात तर दहा-बारा जातात. थंडरबोल्ट ही विजेची बंदूक मात्र एका सेलला (सेल म्हणजे तिचा दारूगोळा) ३० देते, म्हणजे २० सेल आणि साधारण दोन सेकंदांत काम संपतं. त्यानं दोन्ही हात वर उचलले की वीज येणार हे पक्कं. त्या क्षणी खांबाआड व्हा, वीज गेली की बाहेर या, मारा, परत आड. थंडरबोल्ट पाण्यात उभं राहून कधीच चालवू नका. सगळे सेल एकदम फुटतात आणि आधी तुम्हीच मरता.

रॉकेट पायाशी मारून उंच उडी घेता येते. आर्मर नसेल तर त्यात पन्नासच्या आसपास हेल्थ जाते. रीमास्टरच्या नाइटमेअर पातळीवर हेल्थ १०० ऐवजी ५० वरच अडवली आहे, त्यामुळे तिथे आर्मरशिवाय रॉकेट जंप म्हणजे मरणच. पहिल्यांदा खेळणाऱ्यानं ‘हार्ड’ निवडावं. ‘ईझी’वर पहिल्या एपिसोडचा राक्षस क्थॉन विजेच्या एकाच झटक्यात मरतो आणि त्या लढाईचा रंगच जातो.

मॉन्स्टरची नवी मॉडेल्स बंद-चालू करता येतात. ओगर आणि फीन्ड नव्या रूपात खरंच भीतिदायक झालेत, चालू ठेवायला हरकत नाही. संगीतकार ट्रेंट रेझ्नर आणि त्याचा बँड नाइन इंच नेल्स यांचं मूळ संगीत आत आहे, ही मोठी गोष्ट, कारण स्टीमवरच्या जुन्या आवृत्तीत ते नव्हतंच. हेडफोन लावून खेळा. ओगर करवत फरफटत आणतो तो आवाज कोणत्या बाजूनं येतोय हे कळलं की अर्धी लढाई जिंकली.

सोबत १९९७ चे दोन्ही विस्तार आहेत. स्कर्ज ऑफ आर्मागॉन आधी खेळा, त्याच्या लेव्हल जास्त नेटक्या आहेत. डिझोल्यूशन ऑफ इटर्निटी त्यामानानं विस्कळीत. मशीनगेम्स या स्टुडिओचे दोन भाग आहेत, त्यातला २०२१ चा डायमेन्शन ऑफ द मशीन देखणा आहे पण मोठ्या नकाशांमुळे साध्या लॅपटॉपला जड जातो. तो शेवटी ठेवा. मूळ गेमचा चौथा एपिसोड कंटाळवाणा आहे, आणि शेवटचा सामना तर लढाईपेक्षा कोड्यासारखा. रीमास्टरनं त्याला हात लावलेला नाही.

एका पडद्यावर चौघे खेळू शकतात. सुट्टीत घरी भावंडं जमली की यासारखं दुसरं काही नाही. लॅपटॉप एचडीएमआयनं टीव्हीला लावा, टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर गोळी उशिरा सुटते. जास्तीच्या खेळाडूंना कंट्रोलर लागतात. भडंगाचा पुडा दोन लेव्हलच्या मधेच फोडा. तेलकट, तिखट बोटांनी कंट्रोलरची काडी घसरते आणि मीठ फटीत जाऊन बसतं. माणसं कमी असतील तर डेथमॅचला (एकमेकांना मारायच्या सामन्याला) बॉट, म्हणजे कॉम्प्युटरनं चालवलेले खेळाडू, घेता येतात. डिसेंबर २०२१ च्या अपडेटमध्ये आलेला होर्ड मोडही (लाटेमागून लाट येणाऱ्या मॉन्स्टरशी मिळून लढायचं) चौघांत चांगला रंगतो.

खूप जुन्या मशीनवर गेम उघडताच पडदा काळा राहिला तर आधी ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा टाका. तरीही जमलं नाही तर पैसे वाया गेले असं समजू नका. स्टीमच्या फोल्डरमध्ये रीमास्टरशेजारी मूळ गेमच्या फाइलीही असतात. क्वेकस्पाझ्म नावाचं फुकट इंजिन उतरवा आणि त्याच्या फोल्डरमध्ये मूळ ‘आयडी१’ फोल्डर जसाच्या तसा कॉपी करा. आत गेमचा सगळा मजकूर ठेवणाऱ्या दोन पॅक फाइली आहेत ना हे तपासा. एकच असेल तर फक्त पहिला एपिसोड चालेल. रीमास्टरची रोषणाई मिळणार नाही, पण पळणं, उडी आणि शॉटगनचा धक्का सगळं तेच.