दोर्दोन्यमधलं दगडी घर आणि माझे २,०५५ युरो

आधी आकडा सांगते. २,०५५ युरो २० सेंट. तेव्हाच्या दराने सुमारे १ लाख ८९ हजार रुपये. हे पैसे कुणी कार्ड चोरून काढले नाहीत. मी माझ्या हाताने, माझ्या फोनवरून, दोन हप्त्यांत पाठवले. आणि १० ऑगस्ट २०२४ ला, शनिवारी दुपारी साडेचारला, आई-बाबा, नवरा आणि दोन मुलांना घेऊन मी फ्रान्समधल्या एका खेड्यात परक्या म्हातारीच्या फाटकापुढे उभी राहून "आमचं बुकिंग आहे" असं सांगत होते.

दीड वर्ष हे मी घराबाहेर कुणाला सांगितलं नाही. लाज वाटत होती. आता सांगते, कारण जानेवारी सुरू झाला की लोक उन्हाळ्याच्या सुट्टीची घरं शोधायला लागतात, आणि आमच्या ओळखीतल्या एका ताईंनी परवा मला फ्रान्समधल्या अशाच एका घराची लिंक पाठवून विचारलं, "बरं वाटतंय का गं?"

आम्ही श्टुटगार्टला राहतो. आई-बाबा त्या उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी आले होते. बाबा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. वाईतला आमचा दगडी वाडा वाटण्या होऊन विकला गेला आणि पाडलाही गेला, ते त्यांच्या मनातून अजून गेलेलं नाही. म्हणून मला त्यांना शहरं दाखवायची नव्हती. फ्रान्सच्या दोर्दोन्य जिल्ह्यातल्या पेरिगोर न्वार भागातलं, सार्ला गावाच्या आसपासचं, पिवळसर चुनखडीचं नीट डागडुजी केलेलं घर हवं होतं. तिकडच्या जुन्या घरांची छपरं लोझची असतात, म्हणजे दगडाच्या सपाट फरश्या एकावर एक रचलेल्या. बाबांना ते बघायचं होतं. मुलांना लास्कोची गुहाचित्रं बघायची होती. मूळ गुहा १९६३ पासून बंद आहे, पण शेजारी हुबेहूब प्रतिकृती केलेली आहे. एवढीच हौस होती. फुकटचं काही मागायला मी गेले नव्हते.

जाहिरात नावाजलेल्या साइटवर होती. आठवड्याचे १,६४० युरो. ऑगस्टमध्ये, सहा जणांच्या घराला, हा दर काही फार कमी नाही. हे मुद्दाम सांगते, कारण सगळे पहिलं तेच म्हणतात, "स्वस्त दिसलं म्हणून भुललात." नाही. दर बाजारातलाच होता. फोटोंत जुनी पावाची भट्टी, खिडकीखाली दगडात कोरलेलं मोरीसारखं सिंक, अंगणात अक्रोडाचं मोठं झाड आणि निळ्या रंगाच्या लाकडी झडपा. अभिप्राय एकही नव्हता, पण घर नुकतंच दुरुस्त केलंय आणि पहिलाच हंगाम आहे असं लिहिलं होतं, ते मला पटलं.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. दोन निरोप साइटवर झाले, तिसऱ्या निरोपात मालकिणीच्या मेलचा पत्ता आला. म्हणाली, साइट फार कमिशन कापते, थेट केलंत तर १,४५० मध्ये देते. १९० युरो वाचणार होते. मार्चमध्ये ३० टक्के आगाऊ, ४३५ युरो. उरलेले महिनाभर आधी. फ्रान्समध्ये आगाऊ रक्कम सहसा २५-३० टक्के घेतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये घरं बहुतेक शनिवार ते शनिवारच देतात, हे मी आधी वाचलं होतं. तिचं सगळं त्या रीतीला धरून होतं. करारनामा आला, चार पानी, फ्रेंचमध्ये, घराच्या वर्णनासकट. चादरी-टॉवेल आपले आणायचे, हेही त्यात होतं. तिच्या ओळखपत्राची प्रत आली. ती कुणाकडून उचललेली होती देव जाणे. बहुतेक माझ्यासारख्याच कुणाची.

बँकेचा खातेक्रमांक एलटीने सुरू होत होता. नवऱ्याने विचारलं, "फ्रान्सचा एफआरने सुरू होतो ना? हे लिथुआनिया कसं काय?" आणि मी त्यालाच शिकवलं. म्हटलं, आजकाल ऑनलाइन बँकांचे क्रमांक असेच असतात, आपल्या निम्म्या मित्रांची खाती अशीच आहेत. ते खोटंही नव्हतं. युरोपात कुठल्याही सदस्य देशाचा क्रमांक चालतो, तो नाकारणं उलट नियमाविरुद्ध आहे. पण दोर्दोन्यच्या खेड्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या, वय ६१ सांगणाऱ्या बाईचं एकमेव खातं तिथे का असेल, हा प्रश्न मी विचारायला हवा होता. तो नवऱ्याने विचारला आणि मी त्याला गप्प केलं.

तरी ते ४३५ युरो गेले असते तर मी विसरले असते. जूनचं मात्र मला आजही विसरता येत नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या मनात पाल चुकचुकली. व्हिडिओ कॉल करू या म्हटलं, तर गावात नेटवर्क नाही. मग मी म्हटलं, आज काढलेला अंगणाचा एक फोटो पाठवा, बाबांना जिने किती आहेत ते बघायचंय. दोन तासांत फोटो आला. "आज सकाळीच काढला, ऊन छान पडलंय." फाटक, दोन पायऱ्या, निळ्या झडपा, अक्रोड. मी तो फोटो मोठा करून पाहिला. पायऱ्या मोजल्या. बाबांच्या गुडघ्यांना जमतील, म्हणून खूश झाले. आणि त्या अक्रोडाला एकही पान नव्हतं.

जूनमध्ये. अक्रोडाला पालवी उशिरा फुटते हे खरं, पण जूनमध्ये तो गच्च हिरवा असतो, आमच्या बिल्डिंगमागेच एक आहे. मला ते दिसलं होतं. दिसलं नाही असं मी म्हणू शकत नाही, कारण मी आईला म्हटल्याचं मला आठवतंय, "अंगणातलं झाड वाळलंय गं बहुतेक." आई म्हणाली, "आई गं, एवढं मोठं झाड." तो हिवाळ्यातला फोटो होता. घर विकायला काढलं होतं तेव्हाचा, कुठल्या तरी इस्टेट एजंटच्या जुन्या जाहिरातीतून उचललेला. त्या क्षणी मी थांबले असते तर ४३५ वर निभावलं असतं. मी पायऱ्या मोजत बसले.

८ जुलैला दुसरा हप्ता पाठवला. उरलेलं भाडं १,०१५, डिपॉझिट ५००, सफाई ८०, आणि पर्यटक कर २५ युरो २० सेंट. हा शेवटचा आकडा बघा. चार मोठी माणसं, सात रात्री, माणशी रात्रीचे ९० सेंट. मुलांचा कर लावला नव्हता, कारण १८ वर्षांखालच्यांना तो माफ असतो. एवढं चोख! माझा उरलेला संशय त्या २५ युरो २० सेंटनीच गेला. एकूण १,६२० युरो २० सेंट. डिपॉझिट कुणी आधी खात्यावर मागत असेल तर तिथेच थांबा. तिकडे ते सहसा पोचल्यावर चेकने किंवा कार्डावर राखून घेतात, सुट्टी संपली की परत देतात.

आणि पासपोर्ट. परदेशी पाहुण्यांची पोलिसांसाठी नोंद करावी लागते, असं म्हणून तिने सगळ्यांच्या पासपोर्टच्या प्रती मागितल्या. असा फॉर्म फ्रान्समध्ये खरंच असतो, पण तो पोचल्यावर आपण भरून सही करून द्यायचा असतो. मी सहा प्रती पाठवल्या. माझ्या सत्तरीच्या वडिलांचा पासपोर्ट आज कुणाकुणाच्या हातात फिरतोय मला माहीत नाही. पैशांपेक्षा मला ह्याचीच जास्त धास्ती आहे. पासपोर्टची प्रत कुणालाही मेलवर पाठवू नका. भारतातून येणाऱ्यांनी तर जास्तच जपा, कारण व्हिसाच्या अर्जाला राहण्याचा पुरावा जोडावा लागतो, आणि असलं खोटं बुकिंग त्यात गेलं तर उत्तरं तुम्हाला द्यावी लागतील.

हजारावर किलोमीटर गाडी चालवून, वाटेत क्लेर्मों-फेराँला एक रात्र काढून आम्ही पोचलो. घर होतं. तेच फाटक, त्याच दोन पायऱ्या. झडपा मात्र राखाडी रंगवलेल्या होत्या आणि अक्रोड गच्च हिरवा, हिरव्या फळांनी लगडलेला. मी झाडाकडे पाहिलं आणि पायांतलं बळ गेलं. बेल वाजवायच्या आधीच मला कळलं होतं. आतून एक आजी आल्या, हाताला पीठ लागलेलं. मी माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये बोलत होते, करारनाम्याचे कागद दाखवत होते, आणि त्या नुसत्या मान हलवत होत्या. त्यांनी ते घर तीन वर्षांपूर्वी विकत घेतलं होतं, त्या स्वतः तिथे राहत होत्या. मुलांना त्यांनी पाणी दिलं. बाबांनी भिंतीतल्या दगडांच्या सांध्यांवरून एकदा हात फिरवला आणि गाडीत जाऊन बसले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता पोलिसांचं. खेड्यांमध्ये तिकडे साधे पोलीस नसतात, जांदार्मरी, म्हणजे लष्करी धाटणीचं पोलीस दल असतं. शनिवारी संध्याकाळी ठाणं बंद. बाहेर बटण, ते दाबलं की कुठल्यातरी नियंत्रण कक्षातला माणूस बोलतो. कुणाच्या जिवाला धोका आहे का, विचारलं. नाही म्हटल्यावर सोमवारी या म्हणाला. सोमवारी गेलो. तिथल्या गृहस्थांनी कागद उलटेपालटे केले आणि सांगितलं, पैसे जर्मनीतून गेले, तक्रार जर्मनीत करा. शिवाय माणसं ऑलिंपिकच्या बंदोबस्ताला गेली आहेत, वेळ नाही. हे साफ चुकीचं होतं. फ्रान्सच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १५-३ आहे. गुन्हा कुठेही घडलेला असो, तक्रार घ्यावीच लागते आणि पोचपावती द्यावी लागते. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. तुम्हाला आता माहीत आहे. कलमाचा क्रमांक कागदावर लिहून समोर ठेवा आणि पावती घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

मेरी, म्हणजे तिथली ग्रामपंचायत, मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळीच उघडी. मंगळवारी तिथल्या बाईंनी दोन मिनिटांत सांगितलं की ह्या घराची सुट्टीच्या भाड्यासाठी कधीच नोंद झालेली नाही. "मार्चमध्ये एक मेल केला असतात तर कळवलं असतं." त्या चांगुलपणानेच बोलल्या, पण मला थोबाडीत मारल्यासारखं झालं. एक मेल. बुकिंगआधी गावाच्या मेरीला घराचा पत्ता देऊन हा एक प्रश्न विचारा. भाषांतर करून पाठवलं तरी चालतं.

बुधवारी पुन्हा ठाण्यात गेलो, तर साहेब बाहेर. गुरुवारी १५ ऑगस्ट, तिकडेही सुट्टी. ब्रीवजवळच्या हॉटेलात दोन खोल्यांचे चार रात्रींचे ५६४ युरो एव्हाना गेले होते. लास्कोची तिकिटं आधीच काढलेली, तेवढं मुलांना दाखवलं आणि पाचव्या दिवशी परत निघालो. आईने सोबत आणलेलं थालीपीठाचं पीठ तसंच परत आलं.

घरी आल्यावर बँक. "व्यवहाराला मंजुरी तुम्हीच दिलीत." हे वाक्य मी चार वेगवेगळ्या माणसांकडून चार वेळा ऐकलं. पैसे परत मागण्याची विनंती पाठवायचे १५ युरो घेतले, आणि पाच आठवड्यांनी उत्तर आलं की समोरच्या खात्यात शिल्लक नाही. मी विचारलं, मी पाठवलेलं नाव आणि त्या खात्याचं खरं नाव जुळत होतं का? ते तपासलंच जात नाही, म्हणाले. बँका नुसता क्रमांक बघायच्या, वर तुम्ही काहीही नाव लिहा! युरो वापरणाऱ्या देशांत नाव जुळतं की नाही हे पैसे जाण्याआधी दाखवणं बँकांवर बंधनकारक झालं ९ ऑक्टोबर २०२५ ला. मला पंधरा महिने उशीर झाला. आता तुमच्या फोनवर "नाव जुळत नाही" असं आलं तर कृपा करून पुढचं बटण दाबू नका. कुणी कितीही कारणं देवो, नवऱ्याच्या खात्यावर, मुलीच्या खात्यावर, काहीही.

इथल्या पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार केली. करारनामा, मेल, खातेक्रमांक, तो पानगळीचा फोटो, मिळून ३४ पानं जोडली. फेब्रुवारीत सरकारी वकिलांच्या कार्यालयातून एका पानाचं पत्र आलं. आरोपी निष्पन्न झाला नाही, तपास थांबवला आहे. खातेक्रमांक तुमच्या हातात आहे, ते खातं कुणीतरी कुठलं तरी ओळखपत्र दाखवून उघडलंय, आणि आरोपी सापडत नाही? कुणी त्या बँकेला साधं पत्र तरी लिहिलं का? फोन केला तर फाइल बंद आहे एवढंच. साइटवाल्यांनी तर हात वर केले. व्यवहार आमच्या बाहेर झाला, आम्ही जबाबदार नाही. पण जाहिरात कुणाच्या घरात होती? पासपोर्टबद्दल वकिलातीत विचारलं, तर मूळ पासपोर्ट हरवला नसेल तर काही करता येत नाही म्हणाले.

ताई, तुम्ही पाठवलेल्या लिंकबद्दल. पैसे साइटवरूनच भरा, कार्डाने, म्हणजे निदान तक्रार करून अडवता येतात. मालक व्यावसायिक असेल तर त्याचा चौदा आकडी सिरेत क्रमांक, म्हणजे धंद्याचा सरकारी क्रमांक मागा, तो सरकारी साइटवर कुणालाही तपासता येतो. फ्रान्सने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा केला आहे, सुट्टीच्या प्रत्येक भाड्याच्या घराने नोंदणी क्रमांक घेण्याची शेवटची तारीख त्यात २० मे २०२६ ठरली आहे. तो जाहिरातीत नसेल तर का नाही ते विचारा. फोटो उलटे शोधा, म्हणजे फोटोवरून ते आणखी कुठे आहेत ते बघा, विक्रीच्या जाहिराती त्यात लगेच सापडतात. मी हे फाटकापुढून परतल्यावर त्या रात्री हॉटेलात केलं. चाळीस सेकंद लागली.

आणि तुमच्या लिंकमधले फोटो मी नीट पाहिले. गावाचं नाव वेगळं आहे, मालकिणीचं नाव वेगळं आहे, आठवड्याचे १,७१० युरो लिहिलेत. तिसऱ्या फोटोत खिडकीखाली दगडी सिंक आहे. पाचव्यात निळ्या झडपा, दोन पायऱ्या आणि बिनपानांचा अक्रोड. मी साइटला त्याच रात्री कळवलं, पुराव्यासकट. "तपासत आहोत" असं उत्तर आलं. आज सकाळी पुन्हा उघडून पाहिलं, जाहिरात अजून आहे.