कोडाईकनाल ते उटी पक्षी सहल: साडेचार तारे, आणि अर्धा का कापला तेही सांगते

फेब्रुवारीत आम्ही चौघं नगरहून जाऊन एका स्थानिक गाईडबरोबर चार दिवसांची पक्षी सहल करून आलो. मी बत्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. वेगळं पडलं की जाती कशा फुटतात, हे फळ्यावर कितीदा काढलं असेन! प्रत्यक्ष पाहिलं ते या सहलीत.

पहिल्याच पहाटे गाईडने आम्हाला शोलाच्या कडेला, ओढ्यापाशी उभं केलं. शोला म्हणजे डोंगरमाथ्याच्या घळीतलं ठेंगणं, दाट, सदा ओलं जंगल. वीसेक मिनिटांनी कुजक्या पाल्यातून एक चिमणीएवढा पक्षी टुणकन बाहेर आला. पाटीसारखा निळसर करडा, पोट पांढरं, पाय अंगाच्या मानाने उंच. दोन उड्या मारल्या, एक पान उलटलं आणि पुन्हा अंधारात. ही पांढऱ्या पोटाची शोलाकिळी.

तिसऱ्या दिवशी उटीकडे जाताना पोल्लाचीच्या पुढे गाईडने गाडी थांबवली. नारळाच्या बागा, सपाट रान, रणरणतं ऊन. "हीच पालघाट खिंड," म्हणाला. म्हणजे सह्याद्रीच्या रांगेतली मोठी फट, साधारण 30 ते 40 किलोमीटर रुंद. थंड माथ्यांवर राहणारा हा पक्षी एवढं तापलेलं मैदान ओलांडत नाही. लाखो वर्षं ये-जा नाही, म्हणून दोन्हीकडच्यांचे जनुक वेगवेगळ्या वाटेने गेले. चौथ्या दिवशी उटीजवळ निलगिरीची शोलाकिळी दिसली, तिच्या कुशी तांबूस! जुन्या पुस्तकांत या दोघी मिळून 'शॉर्टविंग' नावाची एकच जात होती. शास्त्रज्ञ व्ही. व्ही. रॉबिन आणि सहकाऱ्यांनी पक्षी जाळ्यात धरून, रक्ताचा थेंब घेऊन सोडून दिले आणि डीएनए तपासला. हिमालयातल्या शॉर्टविंगशी यांचं जवळचं नातं नाही, नातं आहे ते निळ्या माशीमारांशी. 2017 साली शोलाकिळींसाठी 'शोलिकोला' ही नवी प्रजातीच (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) मांडली गेली. इथल्या लाफिंगथ्रश नावाच्या पक्ष्यांनाही तेव्हाच 'माँटेसिंक्ला' हे नाव मिळालं.

त्यातला पळणीचा, म्हणजे कोडाईकनालच्या डोंगरांतला लाफिंगथ्रश शास्त्रीय नावात 'फेअरबँकी'. ज्यांच्यावरून हे नाव पडलं ते फेअरबँक आमच्या नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याचे मिशनरी! इतक्या लांब येऊन आपल्या गावाकडचं नाव ऐकलं आणि डोळे भरून आले.

गाईडचं मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे पक्ष्याला बाहेर काढण्यासाठी त्याने मोबाईलवर त्याचा आवाज एकदाही वाजवून पक्ष्याला त्रास दिला नाही. शेजारचा एक ग्रुप सारखा वाजवत होता. हा शांतपणे आम्हाला घेऊन पुढच्या ओढ्यावर गेला.

आता तक्रार. दुसऱ्या दिवशीची अख्खी सकाळ पाईनच्या जंगलात फोटोंसाठी गेली. ते लावलेलं जंगल आहे, पाईन आणि वॅटल या बाहेरून आणलेल्या झाडांच्या अशा लागवडींनीच कितीतरी डोंगरांवर मूळच्या परिसराची जागा घेतली. तिथे शोलाकिळी कशी दिसेल? बुकिंग करतानाच ही सकाळ काढून टाकायला सांगा आणि त्याऐवजी पुन्हा ओढ्यावर न्यायला लावा. गाडीवाल्या एजन्सीनेही ऐनवेळी गाडी बदलली, पण त्यात गाईडचा दोष नव्हता.

गडद रंगाचे कपडे घाला, आणि गुडघे दुखत असतील तर घडीचं स्टूल न्या. तिथे बराच वेळ उभं राहावं लागतं.