जेल, इंजेक्शन की आधी वजन? टेस्टोस्टेरॉन कमी आलेल्यांसाठी

मित्राने रिपोर्टचा फोटो पाठवला. टेस्टोस्टेरॉन २४८, शेजारी ठळक अक्षरात 'कमी'. खाली एका ओळीचा प्रश्न: "जेल घेऊ की इंजेक्शन?" मी रक्त घेतल्याची वेळ पाहिली. संध्याकाळचे सव्वापाच, आणि विचारलं तर म्हणाला, पोटभर खाऊन गेलो होतो.

हे पुरुषी हार्मोन सकाळी चढलेलं असतं, दिवस कलला की उतरतं, आणि जेवणानंतरही आकडा खाली येतो. म्हणून ते सकाळी ७ ते १० च्या सुमारास, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी मोजायचं. नुकतंच मोठं आजारपण झालं असेल तर बरं होईपर्यंत थांबायचं. अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशन ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही रेघ धरते. दोन्ही आकडे तिच्याखाली आणि जोडीला लक्षणंही असतील, तरच उपचाराचं बोलायचं. आता थकवा, चिडचिड, कामात लक्ष नसणं हे तर कशानेही होतं. युरोपातल्या ४० ते ७९ वयाच्या ३,३६९ पुरुषांची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात कमी टेस्टोस्टेरॉनशी खरं नातं जुळलं ते तीन तक्रारींचं: सकाळची ताठरता कमी होणं, इच्छा मंदावणं आणि संबंधाच्या वेळी ताठरता न येणं.

मित्राने सकाळी दोनदा तपासलं. ३४१ आणि ३६०. त्याचा प्रश्न तिथेच मिटला. तुमचा आकडा दोन्ही वेळा खाली आला असेल, तर पुढे वाचा.

मूल हवंय का?

जेल की इंजेक्शन हा वाद त्यानंतरचा. टेस्टोस्टेरॉन बाहेरून मिळायला लागलं की पिट्युटरी ग्रंथीला वाटतं शरीरात भरपूर आहे, आणि ती एलएच व एफएसएच ही वृषणांना कामाला लावणारी हार्मोन्स सोडणं जवळजवळ थांबवते. वृषणांना हुकूमच येत नाही, शुक्रजंतू बनायचे बंद होतात. जागतिक आरोग्य संघटनेने हीच गोष्ट पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासली होती. आठवड्याला २०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिल्यावर सहा महिन्यांत सुमारे दोन तृतीयांश पुरुषांच्या वीर्यात एकही शुक्रजंतू उरला नाही. औषध बंद केल्यावर बहुतेकांचे वर्षभरात परत येतात, काहींना दोन वर्षंही लागतात. दोन वर्षं थांबायची जोडप्याची तयारी आहे का, हे दोघांनी बसून ठरवायचं. 'ताकदीचं इंजेक्शन' म्हणून हेच देणाऱ्यांकडून ही माहिती क्वचितच मिळते.

मूल हवं असेल तर क्लोमिफीनची गोळी किंवा एचसीजीचं (एलएचसारखंच काम करणाऱ्या हार्मोनचं) इंजेक्शन हे पर्याय आहेत. क्लोमिफीन मुळात स्त्रियांच्या बीजनिर्मितीसाठीचं औषध. पुरुषांत ते पिट्युटरीला डिवचतं आणि वृषणांकडूनच काम करून घेतं. पण वृषणंच निकामी असतील तर डिवचून उपयोग नाही. तेव्हा एलएच आधीच चढलेलं दिसतं. म्हणून एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचंच आणखी एक हार्मोन) तपासल्याशिवाय कोणी औषध लिहून देत असेल तर दुसरा डॉक्टर बघा.

जेल आणि इंजेक्शन

जेल रोज लावायचं. खांद्यावर किंवा दंडावर पसरायचं, सुकू द्यायचं, वरून शर्ट, मग साबणाने हात धुवायचे. पातळी बरीच सपाट राहते, आणि काही बिघडलं तर आज थांबवलं की काही दिवसांत असर ओसरतो. नवख्यासाठी हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो. अडचण घरात लहान मूल असेल तर. न झाकलेल्या त्वचेवरून जेल मुलाच्या अंगाला लागतं आणि त्याच्यात अकाली वयात येण्याची लक्षणं दिसू शकतात. कडेवर घ्यायचं पोर असेल तर मी जेल निवडणार नाही.

एनँथेट किंवा सिपिओनेट या प्रकारच्या टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन आठवड्याला किंवा पंधरवड्याला घेतात. पहिले दोन-तीन दिवस पातळी चढते, मग घसरते. पंधरवड्याचा डोस असेल तर शेवटच्या दिवसांत माणूस उतरलेला असतो आणि घरच्यांना ते आधी कळतं. तोच डोस निम्मा करून दर आठवड्याला घेतला की चढउतार कमी होतो. रक्त घट्ट होण्याचा त्रास जेलपेक्षा इंजेक्शनने जास्त होतो.

अनडिकॅनोएट या प्रकाराचं इंजेक्शन दहा ते चौदा आठवडे पुरतं. एरंडेल तेलातलं हे औषध कमरेखाली हळूहळू टोचतात, नंतर अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात, कारण तेलाचे कण फुप्फुसात गेले तर एकदम खोकला आणि धाप लागते. विसरभोळ्यांना सोयीचं, पण एकदा टोचलं की परत काढता येत नाही.

टेस्टोस्टेरॉनने हृदयाला धोका होतो हे भय बरंचसं कमी झालंय. २०२३ च्या ट्रॅव्हर्स चाचणीत सुमारे ५,२०० पुरुष होते, सगळे हृदयरोग असलेले किंवा त्याचा धोका असलेले. हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं प्रमाण औषध नसलेल्या जेलइतकंच आलं. अनियमित ठोके आणि फुप्फुसातल्या गुठळ्या मात्र थोड्या जास्त दिसल्या. ही चाचणी जेलची होती, तिचा दिलासा इंजेक्शनला आपसूक लागू होत नाही.

तिसरी वाट

पोट सुटलेलं असेल तर दहा टक्के वजन उतरवून आकडा सरासरी सुमारे ८० ने चढतो. २६० वाल्याला रेघ ओलांडायला तेवढं पुरतं, १५० वाल्याला पुरत नाही. घोरणं, झोपेत श्वास अडकणं, अफूवर्गीय वेदनाशामक गोळ्या हीही कारणं तपासा.

औषध सुरू केलंच तर इच्छा साधारण तीन ते सहा आठवड्यांत सुधारते, स्नायूंना महिने लागतात. तीन महिन्यांनी हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, म्हणजे रक्त किती घट्ट झालंय) आणि पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्ततपासणी) तपासायचं. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर औषध थांबवायचं. पातळी नीट असूनही सहा महिन्यांत फरक पडला नाही, तर त्रास टेस्टोस्टेरॉनचा नव्हताच असं धरून बंद करा. बंद केल्यावर स्वतःचं उत्पादन परत सुरू व्हायला काही आठवडे ते महिने जातात, त्या काळात अंगात त्राण नसतं. कधी आणि कसं थांबवायचं, हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारून ठेवा.