भुशाची शेगडी : घरच्या सुतारकामातील भुशासाठी कितपत उपयोगी?

घरी हौसेने सुतारकाम करणाऱ्याला चांगले लाकूड मिळवण्याची जेवढी काळजी असते, तेवढीच काम संपल्यावर उरलेल्या भुशाची असते. करवतीचा भुसा, रंध्याचे छिलके आणि पटाशीच्या ढलप्या बघता बघता पोती भरून टाकतात आणि ती ओल्या कचऱ्यात द्यायची की सुक्या, यावर कचरा गोळा करणाऱ्यांशी दर वेळी नव्याने बोलणे होते. अंगणात ढीग करून पेटवून देण्याचा मार्ग तर केव्हाच बंद झालेला आहे आणि तो बंद झाला हे योग्यच झाले. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ साली देशभर उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली आणि साध्या प्रकरणातही ५,००० रुपयांची भरपाई आकारण्याचा आदेश दिला. या पार्श्वभूमीवर पुण्यात रविवार पेठेतील बोहरी आळीच्या परिसरातून मी पत्र्याची एक भुशाची शेगडी घेतली. पावसाळा सोडून ती नियमित वापरल्यानंतरचा हा अभिप्राय आहे.

ज्यांनी ही शेगडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी तिची रचना सांगणे आवश्यक आहे, कारण तिचे सगळे गुणदोष त्या रचनेतच आहेत. मूळ वस्तू म्हणजे वर उघडा असलेला पत्र्याचा एक उभा डबा, त्याच्या बुडाशी एका बाजूला हाताची मूठ जाईल एवढे भोक आणि वरच्या काठावर भांडे टेकवण्यासाठी तीन खुंट. भरताना मधोमध एक गोल दांडा उभा धरायचा, बुडाच्या भोकातून दुसरा दांडा आडवा घालून तो पहिल्याला भिडवायचा आणि भोवतीने भुसा थराथराने ओतत तो ठासत जायचे. काठापर्यंत भरून झाल्यावर दोन्ही दांडे हलकेच फिरवत काढून घेतले की भुशात एक काटकोनी बोगदा तयार होतो. खालच्या तोंडाशी जाळ लावला की हवा खालून आत येते, ज्वाळा मधल्या नळीतून वर चढते आणि फक्त नळीची आतली भिंत जळत राहते. ठासलेल्या भुशाच्या पोटात हवा पोहोचत नसल्यामुळे सगळा भुसा एकदम पेटत नाही. नळी जसजशी रुंद होते तसतसा जाळ आतून बाहेर सरकतो. पाण्याच्या बंबातही मधल्या नळीचा असाच उपयोग होतो, पण बंबाला सतत लाकूड घालावे लागते, तर ही शेगडी एकदा भरली की पुन्हा हात लावावा लागत नाही.

माझ्याकडील मध्यम आकाराची शेगडी एका भरणीत सुमारे तीन तास चालते. पहिला काही वेळ जाळ बेताचा असतो, मग तो चांगला वाढतो आणि शेवटी नुसता निखारा उरतो. हा क्रम ध्यानात घेऊन स्वयंपाक लावला तर शेगडी उत्तम काम देते : आधी आंघोळीचे पाणी, जाळ भरात असताना पुरणाची डाळ किंवा भिजवलेले हरभरे आणि अखेरच्या निखाऱ्यावर दूध. याउलट, भाकरीसाठी लागणारी कमी-जास्त होणारी आंच हिच्याकडून मिळत नाही, कारण मी घेतली तेव्हा बुडाच्या भोकाला झडपच नव्हती. दुकानदाराला सांगितल्यावर त्यांनी सरकता पत्रा बसवून दिला आणि तेव्हापासून जाळ बराच आटोक्यात राहतो. माझ्या मते ही झडप मुळातच असायला हवी. घेणाऱ्याने ती मागून घ्यावी.

आता मुख्य प्रश्न, म्हणजे सुतारकामातून निघणारे काय काय या शेगडीत जाते. करवतीचा बारीक, कोरडा भुसा हेच तिचे खरे इंधन. रंध्याचे लांब, कुरळे छिलके ठासले जात नाहीत. त्यांच्यात हवा अडकून राहते, मधली नळी ढासळते आणि मग जाळ एकदम भडकून लवकरच विझतो. छिलके हाताने चुरडून भुशाच्या चौथ्या हिश्श्याइतके मिसळले तर चालतात आणि पेटवणीसाठी तर खालच्या तोंडाशी मूठभर छिलक्यांइतके सोयीचे दुसरे काही नाही. त्यामुळे ज्याचे काम प्रामुख्याने हातरंध्यावर चालते, त्याचा प्रश्न ही शेगडी सोडवणार नाही. अशा घरी छिलके बंबात घालावेत, झाडांच्या बुडाशी पसरावेत किंवा शेणखतात मिसळावेत; मात्र लाकडात कर्ब फार आणि नत्र अगदी कमी असल्यामुळे शेण किंवा हिरवा पाला भरपूर घातल्याशिवाय ते लवकर कुजत नाहीत आणि मातीत थेट मिसळले तर कुजताना तिच्यातील नत्र ओढून घेतात.

सागवानाचा भुसा अंगच्या तेलामुळे चांगला जळतो. आंब्याचा भुसा नीट वाळवला नाही तर नुसता धुमसतो. प्लायवूड, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड यांचा भुसा मात्र कोणत्याही परिस्थितीत शेगडीत घालू नये, कारण त्यातील डिंक साधारणपणे फॉर्मल्डिहाइडच्या रेझिनचा असतो. रंगवलेल्या, पॉलिश केलेल्या आणि वाळवी लागू नये म्हणून रसायन पाजलेल्या लाकडालाही हाच नियम लागू आहे. परदेशी मालाच्या खोक्यांच्या पाइनच्या फळ्या आपल्यापैकी अनेक जण वापरतात. त्यांवरील शिक्क्यात ‘एचटी’ ही अक्षरे असतील तर ते लाकूड केवळ उष्णता देऊन निर्जंतुक केलेले असते, पण ‘एमबी’ असेल तर त्याला मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, म्हणून त्याचा भुसाही बाजूला काढावा. याचा अर्थ असा की कापतानाच दोन वेगळी पोती ठेवावी लागतात. हे वेगळे करणे ज्याला जमणार नाही, त्याने ही शेगडी न घेतलेलीच बरी, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

साठवणीबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी किंवा ते तेल सांडलेला भुसा कोरड्या भुशाच्या पोत्यात कधीही टाकू नये. हे तेल वाळताना उष्णता निर्माण करते आणि ती बाहेर पडायला वाव मिळाला नाही तर ठिणगीशिवायही आग लागू शकते. तसेच पॉलिशपेपरची अगदी बारीक धूळ पेटत्या शेगडीवर वरून टाकू नये, कारण ती हवेत उडताच भपकन पेट घेते.

वस्तू म्हणून या शेगडीत उणिवा आहेत. पत्रा पातळ आणि एकेरी असल्यामुळे बाहेरची बाजू फार तापते, आणि दोन्ही कड्या उघड्या लोखंडाच्या असल्याने चालू शेगडी हलवणे धोक्याचे आहे. बाहेरून लावलेल्या चंदेरी रंगाचा वास सुरुवातीला बराच येतो. पेटवताना आणि विझत येताना धूर होतोच. भांड्याला बाहेरून मातीचा लेप दिला तर काजळी काढणे सोपे जाते. धुरापेक्षाही गंभीर बाब म्हणजे कोंडलेल्या जागी या शेगडीतून बाहेर पडणारा कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो आणि तो प्राणघातक ठरू शकतो. त्यामुळे फ्लॅटच्या बंद बाल्कनीत किंवा खोलीत ही शेगडी वापरण्याचा विचारही करू नये. मागे मोकळे अंगण, वाड्याचा चौक किंवा शेतावरचे घर असेल तरच ती घ्यावी.

राख अगदी थोडी उरते आणि स्वच्छ लाकडाची असल्यामुळे बागेत उपयोगी पडते. ती अल्कधर्मी असते, म्हणून झाडांना चिमूटभरच द्यावी आणि युरियाबरोबर मिसळू नये, नाहीतर नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते.

त्याच दुकानात दुहेरी पत्र्याची, आत मातीचे अस्तर दिलेली शेगडीही होती. ती वजनाने जड आणि किमतीने जास्त आहे, पण बाहेरून कमी तापते, आणि घरात लहान मुले असतील तर मी तीच घ्यायला सांगेन. माझ्या एकेरी शेगडीला हजार रुपयांच्या आत पैसे पडले आणि त्या किमतीत ती आपले काम चोख करते. घ्यायला जाताना डब्याचा सांधा नुसता दुमडलेला आहे की रिव्हेट मारून पक्का केलेला आहे हे पाहावे आणि मधला दांडा वरून किंचित जाड, खाली निमुळता मागावा, म्हणजे तो काढताना ठासलेला भुसा ढासळत नाही.