विशारद झाल्यावर: थेट संगीतोपचार की आधी वाचा-उपचार?

थोर गायक व संगीतशिक्षक विष्णु दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात पंचवटीत रामनाम आधार आश्रम उभारला, त्यामुळे नाशिकमध्ये गाणे शिकून विशारद (शास्त्रीय संगीताची पदवीसारखी परीक्षा उत्तीर्ण) होणे ही काही नवलाई नाही. परंतु क्लास न काढता रुग्णांसाठी गावे असे ज्याला वाटते, त्याच्यापुढे दोन वाटा उरतात: थेट संगीतोपचाराचे शिक्षण घेणे, किंवा आधी वाचा-श्रवण उपचाराची पदवी मिळवून गाणे त्या कामात आणणे.

पहिली वाट जवळची दिसते. पुद्दुचेरीच्या श्री बालाजी विद्यापीठात संगीतोपचाराचे स्वतंत्र केंद्र असून तेथे पदव्युत्तर पदविका करता येते. अडचण पुढे येते. ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय ‘संगीतोपचारक’ हे नावही लावता येत नाही आणि अमेरिकेत १,२०० तासांचे प्रात्यक्षिक सक्तीचे आहे. असे व्यावसायिक नोंदवणाऱ्या आपल्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत मात्र या व्यवसायाला रकानाच नाही, त्यामुळे पाटी कोणीही लावावी अशी स्थिती आहे. अमुक राग अमुक रोगावर, असे तक्ते वाटणाऱ्यांच्या रांगेत आपणही धरले जातो, हा त्यातला खरा तोटा.

दुसऱ्या वाटेला बारावी विज्ञान शाखेतून हवी, आणि इंटर्नशिप धरून चार वर्षे जातात. अभ्यासक्रम आपल्याच नाशिकमधील म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा असला, तरी शिकायला मुंबईच्या नायर रुग्णालयासारख्या ठिकाणी जावे लागते, ही गंमतच. मात्र परिषदेची नोंदणी मिळते आणि रुग्णालयाच्या आस्थापनेवर पद मिळू शकते.

गाण्याचा कस येथेही लागतोच. मेंदूच्या डाव्या भागाला पक्षाघाताचा फटका बसलेल्या ज्या माणसाला ‘पाणी’ म्हणता येत नाही, तो पुष्कळदा आरतीचे कडवे म्हणून जातो. अशा वेळी त्याच्या डाव्या हातावर अक्षरागणिक थाप देत, ‘पाणी दे’ हे शब्द षड्ज आणि कोमल गंधार एवढ्या दोनच स्वरांत आधी गुणगुणून, मग त्याच्यासोबत म्हणून, शेवटी आपला आवाज हळूहळू काढून घेतला जातो. रुग्णाची पट्टी (हार्मोनियमवरची) पांढरी दोन असेल, तर काळी चारचा हट्ट न धरता तेथे उतरणे विशारदाला सहज जमते; हे कॉलेजात शिकवून येत नाही.

त्यामुळे विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने दुसरी वाटच धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याने मानसशास्त्राची पदवी घेऊन मगच पुद्दुचेरीचा विचार करावा, आणि नुसत्या पदविकेच्या भरवशावर नाशिकमध्ये दवाखाना थाटण्याची घाई करू नये.