पर्वरीत घर घेताना: नवा फ्लॅट की जुनं घर?

फ्लॅटची कागदपत्रं त्यामानाने सोपी. जमिनीची सनद (बिगरशेती वापराची परवानगी), गोवा रेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक आणि पंचायतीचं ऑक्युपन्सी सर्टिफिकेट (इमारतीत राहायला परवानगी देणारा दाखला) आधी मागा. ऑक्युपन्सी नसेल तर वीज-पाण्याची कायम जोडणी अडकते. पर्वरी पठारावर आहे, म्हणून एप्रिल-मेमध्ये टँकरवर किती खर्च होतो ते सोसायटीत राहणाऱ्यांनाच विचारा.

जुनं घर मोकळं, विहीर-परसासकट, पण खरी जोखीम इथेच. नमुना एक-चौदावर (गोव्यातला सातबारासारखा उतारा) एकच नाव दिसलं म्हणून मालकही एकच, असं धरू नका. गोव्याच्या नागरी कायद्यात मुलगे-मुली समान वारस, आणि लग्नाआधी वेगळा करार नसेल तर त्यांच्या जोडीदारांच्याही सह्या लागतात. लिस्बनला राहणाऱ्या एका वारसाची सही राहिली तरी प्रकरण कोर्टात जाऊ शकतं. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटण्याची कायदेशीर प्रक्रिया, पूर्ण झाली आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्याच. घरात किंवा आवारात मुंडकार (मालकाच्या जागेत त्याच्या संमतीने घर करून राहणारा) असेल तर 1975 चा कायदा त्याला संरक्षण देतो; रिकामं करून देतो या तोंडी शब्दावर विसार देऊ नये.

गाव ओळखीचा नसेल तर आमचं मत फ्लॅटच्या बाजूने. मात्र तो जुलैत, भर पावसात पाहा: वरच्या मजल्याचं छत आणि नैर्ऋत्येची भिंत आधी ओल धरते.